ठरावीक तारखेनंतर बदललेल्या फायलीच कॉपी करायच्यात, पण स्क्रिप्ट काही फायली गाळतेय

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण एकदाच नीट सांगते. विंडोजवर माझं एक मोठं फोल्डर आहे, आत प्रोजेक्टप्रमाणे सबफोल्डर, त्यांच्या आत अजून सबफोल्डर, असं खोलवर गेलेलं. दर शुक्रवारी त्यातल्या फक्त त्या आठवड्यात बदललेल्या फायली बाहेरच्या ड्राइव्हवर तारखेच्या नावाच्या नव्या फोल्डरमध्ये टाकायच्या असतात, ते फोल्डर पुढे दुसऱ्या टीमकडे जातं आणि त्यांना अख्खा पसारा नकोय, नवं काय तेवढंच हवंय. आत्तापर्यंत एक्सप्लोररमध्ये डेट मॉडिफाइडवर सॉर्ट करून हाताने उचलायचे, पण फोल्डर वाढत गेली तसं ते आता शक्य नाही.

आधी फोरफाइल्स (तारखेवरून फायली निवडणारी विंडोजची कमांड) वापरून बघितलं, /डी -7 दिलं तर बरोबर उलटं, सगळ्या जुन्यापुराण्या फायली आल्या. मग म्हटलं +7 देऊन बघू, तर काहीच सापडलं नाही म्हणतं. मग पॉवरशेलची (विंडोजमधली कमांड आणि स्क्रिप्ट चालवायची सोय) एक ओळ जुळवली, गेट-चाइल्डआयटम -रिकर्स -फाइल, पुढे व्हेअर-ऑब्जेक्टमध्ये लास्टराइटटाइम हे (गेट-डेट).ॲडडेज(-7) पेक्षा मोठं, आणि पुढे पाइप करून कॉपी-आयटम. हे चालतं, पण दोन भानगडी आहेत. एक म्हणजे सगळ्या फायली एकाच फोल्डरात सपाट येऊन पडतात, आणि माझ्याकडे जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये "नोंदी" नावाची फाईल आहे, त्यातली शेवटची एकच उरते, बाकीच्या न विचारता ओव्हरराइट. आणि दुसरी जास्त डोक्याला ताप देणारी, काही फायली येतच नाहीत. काल टीममधल्या एकाने झिप पाठवली, मी ती प्रोजेक्टमध्ये एक्स्ट्रॅक्ट केली, आज स्क्रिप्ट चालवली तर त्यातली एकही फाईल उचलली नाही. एरर पण नाही. फायली समोर दिसतायत, कालच आल्यात, मग गेल्या सात दिवसांत कशा नाहीत बसत?

---

बॅचबहाद्दर

फोरफाइल्सचं आधी सांगतो कारण त्यात सगळेच फसतात. /डी -7 म्हणजे "आजपासून सात दिवस मागे जा आणि त्या तारखेची किंवा त्याहून जुनी असेल ती फाईल दे". जुन्या लॉग फायली उडवायला ते मस्त आहे, उलट्या कामाला नाही. +7 दिलं की ते आजच्या पुढे सात दिवसांनंतरच्या फायली शोधतं, म्हणजे भविष्यातल्या, मग काय सापडणार डोंबल. अधिक चिन्हाबरोबर पूर्ण तारीख दिली तर त्या तारखेपासून पुढच्या फायली मिळतात, पण मग ती तारीख दर आठवड्याला तुम्हीच बदलत बसा.

तुम्हाला हवंय ते रोबोकॉपी या कॉपी करायच्या कमांडमध्ये तयार आहे, व्हिस्टापासून विंडोजमध्येच येतं, वेगळं काही टाकायला नको. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमन स्पेलिंगने टाका.)

रोबोकॉपी "सोर्स" "डेस्टिनेशन" /एस /मॅक्सएज:7 /आर:1 /डब्ल्यू:2 /एल

मॅक्सएज म्हणजे यापेक्षा जुनं नको, मिनएज म्हणजे यापेक्षा नवं नको. आकडा 1900 पेक्षा लहान असेल तर दिवस समजतो, नाहीतर तारीख समजतो, वर्ष-महिना-दिवस सलग आठ आकडे, जसं 20250301. ही तारखेची पद्धत मला फार आवडते कारण मशीनचं रीजन सेटिंग काहीही असो, घोळ होत नाही. एक्सकॉपी या जुन्या कॉपी कमांडच्या /डी मध्ये महिना आधी, दिवस नंतर, तिथे 03-04 म्हणजे 4 मार्च, आणि आपण बिनधास्त 3 एप्रिल समजून बसतो. बॅच फाईलमध्ये %डेट% चे तुकडे पाडून तारीख बनवणारे तर अजून ग्रेट, एका पीसीवर चालतं आणि दुसऱ्यावर दिवसाच्या जागी वाराचं नाव येतं.

/एस ने सबफोल्डरची रचना जशीच्या तशी राहते, तुमचा "नोंदी" वाला प्रश्न तिथेच मिटला. /ई टाकू नका, नाहीतर ज्या फोल्डरमध्ये काहीच बदललेलं नाही त्यांचाही रिकामा सांगाडा तयार होतो. /आर आणि /डब्ल्यू मात्र नक्की टाका, कारण न टाकता एखादी फाईल कुणी उघडून ठेवलेली असेल तर रोबोकॉपी डिफॉल्टने 10 लाख वेळा रिट्राय करतं, दर वेळी 30 सेकंद थांबून, म्हणजे तुम्ही रिटायर व्हाल पण ती कॉपी संपायची नाही. /एल म्हणजे नुसती यादी, कॉपी काही होत नाही. यादी बघून समाधान झालं की तेवढं काढून टाका.

अजून एक, पाथ कोटमध्ये असेल तर शेवटी बॅकस्लॅश ठेवू नका. शेवटचा बॅकस्लॅश आणि त्याला चिकटलेला कोट मिळून वेगळाच अर्थ होतो आणि मग रोबोकॉपी दोन्ही पाथ एकत्र करून भलतीच एरर देतं.

---

कोरी_पाटी

वा, /एल भारी आहे, हे आधी माहीत असतं तर. रचना आता नीट येतेय. पण झिपमधल्या फायली या यादीतही नाहीयेत. म्हणजे माझ्या ओळीत चूक नव्हती का?

---

अर्धविराम

चूक ओळीत नाही, अपेक्षेत आहे. त्या झिपमधल्या एका फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि क्रिएटेड आणि मॉडिफाइड दोन्ही तारखा वाचा. क्रिएटेड कालची दिसेल आणि मॉडिफाइड कदाचित दोन महिन्यांपूर्वीची.

मॉडिफाइड म्हणजे फाईलच्या आतला मजकूर शेवटचा कधी बदलला ती वेळ. फाईल तुमच्या फोल्डरमध्ये कधी आली याच्याशी तिचा काही संबंध नाही. झिप बनवताना ती तारीख झिपमध्ये लिहिली जाते आणि एक्स्ट्रॅक्ट करताना तशीच परत लावली जाते. पेनड्राइव्हवरून कॉपी-पेस्ट केलं तरी तेच, मॉडिफाइड जुनीच राहते आणि क्रिएटेड आजची होते, म्हणून "बदलली आधी आणि तयार झाली नंतर" अशा विचित्र फायली विंडोजवर ढिगाने दिसतात. ब्राउझरने सुटी फाईल डाउनलोड केली तर साधारणपणे डाउनलोडची वेळ लागते, म्हणून त्या तुमच्या यादीत येत असणार आणि म्हणूनच हा घोळ पटकन लक्षात येत नाही, काही येतात काही नाही, आणि माणूस स्क्रिप्टला शिव्या घालत बसतो.

पॉवरशेलमध्ये अट दुहेरी करा: लास्टराइटटाइम मर्यादेनंतरचा असेल -ऑर क्रिएशनटाइम मर्यादेनंतरचा असेल तर उचल. रोबोकॉपीत क्रिएशनवर अट घालायची सोय नाही, मॅक्सएज मॉडिफाइडवरच चालतं, मॅक्सएलएडी शेवटच्या ॲक्सेसवर. म्हणजे तुमच्या कामाला परत पॉवरशेलच.

तरी एक भोक राहतंच. त्याच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात कट-पेस्ट केलेली फाईल. तिची क्रिएटेडही बदलत नाही आणि मॉडिफाइडही नाही, नुसता पत्ता बदलतो. ती कुठल्याच तारखेच्या चाळणीत सापडणार नाही.

---

शेलशेठ

विंडोज सोडून इथे कुणी लिनक्सवाला शोधत आला तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो, तत्त्व तेच आहे.

फायली शोधायची कमांड, फाइंड . -टाइप एफ -एमटाइम -7, ही सगळ्यांना माहीत असते (एमटाइम म्हणजे मॉडिफाइडची वेळ), पण ते 24 तासांच्या ठोकळ्यांत मोजतं आणि उरलेले तास टाकून देतं. त्यामुळे -7 म्हणजे सात पूर्ण दिवस झाले नाहीत अशा फायली, नुसता 7 म्हणजे सात ते आठ दिवसांच्या मधल्या, आणि +7 म्हणजे कमीत कमी आठ दिवस झालेल्या. मध्यरात्रीपासून मोजायचं असेल तर आधी -डेस्टार्ट लावा. सरळ तारीख द्यायची तर -न्यूअरएमटी आणि कोटमध्ये तारीख, वाचायलाही सोपं.

रचना ठेवून कॉपी करायला सीपी ला (लिनक्सची कॉपी कमांड) --पॅरेंट्स आणि सोबत -पी, नाहीतर डेस्टिनेशनवर सगळ्यांची तारीख आत्ताची होते आणि पुढच्या माणसाला तारखेवरून काहीच कळत नाही. मॅकच्या सीपीत --पॅरेंट्स नाही, तिथे मी फाइंडच्या यादीला -प्रिंट0 लावून आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रामच्या --फाइल्स-फ्रॉम मध्ये सोडतो, आरसिंकला --फ्रॉम0 सांगायचं म्हणजे नावात स्पेस असो की अजून काही, फरक पडत नाही. दोन्हीकडे चालतं.

आणि अर्धविराम म्हणतायत ती बाहेरून आलेली जुनी फाईल इथे -सीटाइम मध्ये सापडते. सीटाइमला लोक क्रिएशन टाइम समजतात, ती नाही, ती आयनोड (फाईलची डिस्कवरची नोंद) बदलल्याची वेळ आहे, आणि हाताने मागे नेता येत नाही म्हणून टार किंवा झिप उघडून जुनी तारीख लावली तरी सीटाइम आजचीच राहते. फक्त कुणी अख्ख्या फोल्डरवर सीएचमॉड मारला (परवानग्या बदलल्या) की त्या दिवशी सगळ्याच फायली नव्या दिसतात, ते एक सांभाळायचं.

पण मुळात "गेले सात दिवस" हे मला पटत नाही. कोरी_पाटी, समजा गेल्या शुक्रवारी तुम्ही स्क्रिप्ट दुपारी 4 ला चालवली आणि या शुक्रवारी संध्याकाळी 6 ला. ॲडडेज(-7) आत्ताच्या वेळेपासून मागे जातं, म्हणजे मर्यादा गेल्या शुक्रवारची संध्याकाळी 6. मग गेल्या शुक्रवारी 4 ते 6 मध्ये सेव्ह केलेलं काम कुठे गेलं? तेव्हाच्या कॉपीत नव्हतं कारण तेव्हा झालंच नव्हतं, आणि आत्ताच्या कॉपीत नाही कारण मर्यादेच्या आधीचं आहे. आणि एखाद्या शुक्रवारी सुट्टी पडली की आठवडाच गायब. सात दिवस वगैरे सोडा, "मागच्या वेळी चालवल्यापासून" असं मोजा. मी एक रिकामी खूणफाईल ठेवतो, फाइंडला -न्यूअर देऊन तिच्यापेक्षा नवं ते सगळं उचलतो. नवी खूण टच करायची (म्हणजे बनवायची) ती कॉपी सुरू करायच्या आधी, नंतर नाही, नाहीतर कॉपी चालू असताना कुणी सेव्ह केलेली फाईल तशीच फटीत पडते. आणि जुनीच्या जागी नवी खूण बसवायची ती मात्र कॉपी सुखरूप संपल्यावर. आधी जन्म, बारसं नंतर.

---

रात्रपाळी

एवढा व्याप कशाला? रोबोकॉपी मुळात साइझ किंवा तारीख वेगळी असेल तीच फाईल कॉपी करतं, आरसिंकही तसंच. कुठलीही तारीख न देता सरळ चालवा, आधीच्या कॉपीशी तुलना तो स्वतः करेल, झिपमधली जुन्या तारखेची फाईलही येईल कारण पलीकडे ती नाहीच आहे. तारखेची चाळणी ही बॅकअपसाठी चुकीचीच गोष्ट आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

---

शेलशेठ

बॅकअपसाठी १०० टक्के मान्य. पण त्यांना बॅकअप नकोय, दर आठवड्याला नव्या रिकाम्या फोल्डरात फक्त फरक हवाय. रिकाम्या फोल्डरशी तुलना केली तर सगळंच नवं दिसणार.

---

रात्रपाळी

बरोबर, प्रश्न घाईत वाचला. मग आर्काइव्ह बिट, म्हणजे फाईलवरची एक छोटी खूण, बघा ना. विंडोज नवी फाईल बनली किंवा बदलली की तिला तो लावून ठेवतं, ॲट्रिब कमांडच्या यादीत नावाआधी ए दिसतो तो. एकदा सुरुवातीला ॲट्रिब -ए /एस ने सगळ्यांचा काढून टाका, आणि पुढे दर वेळी रोबोकॉपी /एस /एम. एम म्हणजे ए असलेल्या फायली कॉपी कर आणि सोर्सवरचा ए काढ. तारीख, वेळ, सुट्टी, झिप कशाचाच संबंध नाही, झिपमधून निघालेली फाईल तारखेने कितीही जुनी असली तरी डिस्कवर नवीनच बनते.

---

अर्धविराम

आर्काइव्ह बिटची कल्पना चांगली आहे पण दोन गोष्टी तपासून मगच. त्याच फोल्डरवर दुसरं एखादं बॅकअप सॉफ्टवेअर चालत असेल तर तेही हाच बिट काढत असू शकतं, मग दोघं एकमेकांच्या फायली खातात आणि कुणाचीच कॉपी पूर्ण होत नाही. दुसरं, हे काम परत करता येत नाही. बाहेरचा ड्राइव्ह त्या टीमकडे पोचायच्या आधी बिघडला तर बिट तर गेलेत, आता त्या आठवड्यात काय बदललं होतं ते कुणाला माहीत? तारखेची स्क्रिप्ट मागच्या मर्यादेने कधीही परत चालवता येते, मला तोच तिचा खरा फायदा वाटतो, बाकी कितीही भोकं असली तरी. म्हणून मी शेलशेठची खूणफाईल आणि दुहेरी अट असं मिळून सुचवेन. चार जास्तीच्या फायली गेल्या तर चालतात, एक कमी गेली तर चालत नाही.

पॉवरशेलमध्ये रचना ठेवायची तर प्रत्येक फाईलच्या फुलनेममधून सोर्सच्या पाथएवढी अक्षरं सबस्ट्रिंगने कापायची, उरलेला भाग डेस्टिनेशनला जॉइन-पाथने जोडायचा, त्याचं वरचं फोल्डर न्यू-आयटमने -फोर्स लावून बनवायचं (असेल तर काही बिघडत नाही) आणि मग कॉपी-आयटम. फोल्डर आधी बनवणं महत्त्वाचं आहे, कारण ते नसेल तर पूर्ण पाथ दिल्यावर कॉपी-आयटम एरर देतं, आणि नुसतं फोल्डरचं नाव दिलं असेल तर त्या नावाची फाईल बनवतं, फोल्डर नाही, आणि मग पुढची फाईल तिच्यावरच बसते. आणि कॉपी-आयटमला -पाथ न देता -लिटरलपाथ द्या. नावात चौकोनी कंस असतील, जे डाउनलोड केलेल्या फायलींत सर्रास असतात, तर -पाथ त्यांना वाइल्डकार्ड समजतं आणि ती फाईल गुपचूप सुटते, एरर नाही काही नाही. तुमची "फायली गाळते" वाली तक्रार परत कधी आली तर आधी नावात कंस आहेत का बघा.

---

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार, खूपच शिकायला मिळालं. प्रॉपर्टीजमध्ये बघितलं, झिपमधल्या सगळ्यांची मॉडिफाइड खरंच जुनी आहे आणि क्रिएटेड कालची. दुहेरी अट आणि लिटरलपाथ घालून चालवलं, आता झिपवाल्या फायली येतायत आणि प्रत्येक "नोंदी" आपापल्या फोल्डरात आहे. मर्यादा आता खूणफाईलच्या लास्टराइटटाइमवरून घेतेय. आर्काइव्ह बिट ठेवला बाजूला, कारण इथे दुसरं बॅकअप चालू असतं आणि ते कोण कसं करतं मला माहीत नाही.

दोन शंका राहिल्या. टास्क शेड्युलरमध्ये आधी फक्त रोबोकॉपीची बॅच लावून बघितली होती तर लास्ट रन रिझल्टमध्ये 1 येत होतं, म्हणजे फेल ना? पण फायली तर आल्या होत्या. आणि कट-पेस्टवाल्या भोकाला काहीच उपाय नाही का?

---

बॅचबहाद्दर

1 म्हणजे फेल नाही. रोबोकॉपीचा एक्झिट कोड (काम संपल्यावर प्रोग्राम देतो तो आकडा) उलटा वाचायची सवय लावा, 0 म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं, 1 म्हणजे फायली कॉपी झाल्या, 8 किंवा वर गेलं की खरी गडबड. बॅचच्या शेवटी एररलेव्हल (तोच आकडा) 8 पेक्षा कमी असेल तर एक्झिट 0 असं लिहा, म्हणजे शेड्युलर खूश.

कट-पेस्टला तारखेने उपाय नाही, यादीने आहे. दर वेळी काम झालं की अख्ख्या फोल्डरची यादी एका सीएसव्हीत टाका, पाथ, साइझ, मॉडिफाइड एवढंच, एक्सपोर्ट-सीएसव्ही ने होतं. पुढच्या वेळी आजची यादी कालच्याशी कम्पेअर-ऑब्जेक्टने ताडून बघायची, जी ओळ नवीन ती फाईल उचलायची. हलवलेली फाईल नव्या पाथने नवी ओळ म्हणून येते आणि वर फुकटात डिलीट झालेल्याही कळतात, जे तारखेच्या कुठल्याच स्क्रिप्टमधून कळत नाही. पलीकडच्या टीमला जर जुनी प्रत काढून टाकायची असेल तर ती डिलीटवाली यादी त्यांना टेक्स्ट फाईलमध्ये द्या.

आणि हे करणार असाल तर एक विचारून ठेवतो, तो बाहेरचा ड्राइव्ह एफएटी32 आहे का (ड्राइव्हवर फायली ठेवायची जुनी पद्धत, एनटीएफएस ही नवी)? असेल आणि पुढेमागे तुम्ही त्याच्याशीच तुलना करायला लागलात तर रोबोकॉपीला /एफएफटी द्या. एफएटीवर मॉडिफाइडची वेळ दोन दोन सेकंदांच्या टप्प्यात राहते, एनटीएफएसवर 100 नॅनोसेकंदांच्या, त्यामुळे तीच फाईल दर वेळी बदलल्यासारखी दिसते.

---

कोरी_पाटी

एनटीएफएस आहे, आत्ताच बघितलं. सीएसव्हीवालं सोमवारी बसून करते, आधी /एल सारखं नुसती यादी छापून बघेन आणि मगच कॉपी लावेन.